तगर, इबोगा आणि अफूचा अंमल : वनस्पतिजन्य औषधांच्या शोधातील काही नावे

१

डिसेंबर १९४१ मध्ये सेवाग्रामहून बारडोलीकडे जाताना महात्मा गांधींनी आगगाडीत 'रचनात्मक कार्यक्रम' ही छोटेखानी पुस्तिका लिहिली. जातीय ऐक्य आणि अस्पृश्यतानिवारण यांच्या पाठोपाठ तीमधील तिसरे कलम दारूबंदीचे आहे. या कलमाचा एक विशेष सहसा ध्यानात घेतला जात नाही. मद्यपी आणि अफूबाज यांना त्यांच्या पाशातून सोडविण्याचे उपाय शोधून काढणे हे डॉक्टरांचे कर्तव्य होय, असे गांधींनी त्यात स्पष्टपणे नमूद केले आहे. म्हणजे विक्री थांबविणे हा प्रश्नाचा एक भाग आणि जडलेली सवय सोडविणे हा दुसरा, असा भेद त्यांनी केला होता.

पहिल्या भागाचा इतिहास सर्वश्रुत आहे. औषधी उपयोगावाचून होणारी अफूची विक्री दहा वर्षांत बंद करावी, असे १९४९ मध्ये ठरले आणि १९५९ पासून ती बंद झाली. वर्धा जिल्ह्यात १९७० नंतरच्या दशकापासून दारूबंदी लागू आहे. १९८५ मध्ये 'गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम' संमत झाला. दुसरा भाग मात्र अजून पुरता सुटलेला नाही. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील सुमारे २.१ टक्के लोक, म्हणजे अंदाजे २ कोटी २६ लाख व्यक्ती, अफू, हेरॉइन अथवा त्याच वर्गातील औषधी गोळ्यांचे सेवन करीत होत्या. ज्या मोजक्या राज्यांत उपचाराची गरज असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक आढळले, त्यांत महाराष्ट्राचाही समावेश आहे.

या दुसऱ्या भागाच्या संदर्भात गेल्या काही दशकांत वनस्पतिजन्य मनोप्रभावी द्रव्यांकडे संशोधकांचे लक्ष वळले आहे. त्यांतील सर्वांत गाजलेले द्रव्य आफ्रिकेतील इबोगा या झुडपापासून मिळते. आणि विशेष असा की, या झुडपाची एक जवळची आप्त वनस्पती वर्ध्यातील अंगणांत व देवळांच्या आवारांत पूजेच्या फुलांसाठी सर्रास लावली जाते. ती म्हणजे तगर. या योगायोगाचे शास्त्रीय मोल किती आणि त्यातून उद्भवणारा धोका कोणता, याचे विवेचन पुढे केले आहे. त्यात नावांचा विचार वारंवार येईल. कारण या क्षेत्रात नावावरून काढलेले अनुमान कित्येकदा प्रयोगाच्या आधी धावते आणि त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

२

प्रथम रोगाचे स्वरूप पाहणे इष्ट होईल. 'अफू' हा शब्द ग्रीक 'ओपिऑन' (चीक) यापासून अरबी 'अफयून' या रूपाने आपल्याकडे आला. जुन्या मराठीतील 'अफीण' हे रूप मुळाशी अधिक जवळचे आहे. संस्कृतातील 'अहिफेन' याचा अर्थ वरकरणी 'सापाचा फेस' असा होतो. पण तो परक्या शब्दाला चढविलेला संस्कृत पेहराव असावा, असे मत आहे. अफूच्या परिणामासाठी मराठीने जो शब्द उचलला तो मात्र फार अन्वर्थक आहे. अरबी 'अमल' म्हणजे कृती, व्यवहार. मराठीत 'अंमल' याचा एक अर्थ सत्ता. त्यावरून अंमलदार आणि अंमलबजावणी हे शब्द आले. दुसरा अर्थ कैफ. त्यावरून 'अंमल चढणे' आणि 'अंमली पदार्थ' हे प्रयोग रूढ झाले. राज्य करणे आणि गुंगी आणणे हे दोन अर्थ एकाच शब्दात नांदतात, आणि शरीरशास्त्राने अलीकडे जे उलगडून दाखविले त्याच्याशी ते चांगले जुळतात.

अफूतील मुख्य द्रव्य मॉर्फीन एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वेगळे करण्यात आले. त्याची क्रिया नेमकी कोठे होते हे कळण्यास १९७३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी मेंदूतील पेशींवर अफूजन्य द्रव्यांना चिकटण्याजोग्या विशिष्ट जागा, म्हणजे ग्राही, असल्याचे सिद्ध झाले. आणि १९७५ मध्ये शरीर स्वतःच त्या ग्राहींसाठी एन्केफॅलिन हे द्रव्य तयार करते, हेही आढळून आले. मॉर्फीन किंवा हेरॉइन बाहेरून येऊन या जागा बळकावते. ते रोज येऊ लागले की पेशी त्याच्याशी जुळवून घेतात, पूर्वीच्या मात्रेचा परिणाम कमी होतो आणि मात्रा वाढवावी लागते. यास सहनक्षमता म्हणतात. ज्या चेतापेशींना मॉर्फीन दाबून ठेवीत असते, त्या या दाबाविरुद्ध आपले काम वाढवितात. मॉर्फीन अकस्मात बंद झाले की दाब नाहीसा होतो, वाढलेले काम मात्र तसेच राहते. मेंदूच्या देठातील लोकस सेरुलियस नामक पुंजक्यातून नॉरअॅड्रिनॅलिनचा लोंढा सुटतो, आणि जांभया, डोळ्यांनाकांतून पाणी, अंगावर काटा, पोटात मुरडा, जुलाब, हाडे ठणकणे व निद्रानाश ही लक्षणे दिसू लागतात. हेरॉइनच्या बाबतीत ती काही तासांतच सुरू होतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसास पोचतात आणि साधारण आठवड्यात ओसरतात. तलफ मात्र महिनोन्महिने टिकते.

संस्कृतात 'व्यसन' या शब्दाचा एक जुना अर्थ संकट, विपत्ती असा आहे. पुढे संकटात लोटणाऱ्या द्यूत, मृगया, मद्य इत्यादी सवयींना तो लागला. आजच्या मराठीत त्यातील विपत्तीचा अर्थ मागे पडून दोषाचा अर्थ उरला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १९६४ मध्ये जुन्या संज्ञा बाजूस सारून 'अवलंबित्व' या अर्थाची संज्ञा स्वीकारली. या बदलाचे प्रयोजन वर वर्णिलेल्या शारीरिक घटनेत आहे. पेशींनी केलेले हे अनुकूलन आहे. ते दुरुस्त होण्यास काळ लागतो आणि केवळ निश्चयाने ते एका रात्रीत मागे फिरत नाही.

३

अफूवरील अवलंबित्वावर आजघडीला जी औषधे सर्वांत चांगली पारखली गेली आहेत, त्यांतील दोघांचा जन्म अफूच्याच झाडापासून झाला आहे, ही गोष्ट पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. अफूच्या चिकात मॉर्फीन व कोडीन यांखेरीज थेबाईन नावाचे अल्कलॉइड असते. हे नाव प्राचीन मिसरातील थीब्ज नगरीवरून पडले. थेबाईनमध्ये मॉर्फीनसारखा कैफ नाही, उलट मोठ्या मात्रेत ते आचके आणते. परंतु रसायनशास्त्रज्ञांना ते उत्तम कच्चा माल म्हणून उपयोगी पडले. १९६० नंतरच्या दशकात थेबाईनपासून ब्युप्रेनॉर्फीन हे औषध बनविण्यात आले. मॉर्फीनच्या ग्राहीला ते घट्ट चिकटते, पण त्याला अर्धवटच चेतविते. त्यामुळे विरहाची लक्षणे व तलफ शमते. मात्रा वाढविली तरी श्वास मंदावण्याचा परिणाम एका मर्यादेपुढे सहसा जात नाही. आणि वर हेरॉइन घेतल्यास त्याला बसण्यास जागा उरत नाही. ग्राहीवर बसून काहीही न करता केवळ वाट अडविणारे नालट्रेक्झोन हेदेखील अफूच्या अल्कलॉइडांपासूनच तयार होते. तिसरे औषध मेथाडोन. ते मात्र संपूर्णतया कृत्रिम आहे. १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या डोल व निस्वांडर यांनी त्याचा उपचारात उपयोग दाखवून दिला. मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फीन यांचा जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये आवश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

या उपचाराचे फळ कसे मोजावे? २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक संकलनात दर १००० व्यक्ती-वर्षांमागील मृत्यू मोजण्यात आले. मेथाडोन चालू असताना ते ११.३ होते, बंद झाल्यावर ३६.१. ब्युप्रेनॉर्फीनच्या बाबतीत हेच आकडे ४.३ व ९.५ असे आहेत. उपचार सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वाधिक घातक ठरतात. याचे कारण सहनक्षमतेत आहे. औषध थांबले की काही दिवसांत शरीराची सहनक्षमता उतरते. तलफ मात्र उतरलेली नसते. माणूस पुन्हा पूर्वीची मात्रा घेतो, आणि जी मात्रा पूर्वी त्याला केवळ स्थिर ठेवीत होती तीच आता श्वास थांबविते.

असे असूनही रुग्णाच्या घरच्या माणसांना हा उपचार बहुधा पटत नाही. 'एक अफू सोडवून दुसरी लावली' असा आक्षेप ती घेतात. तो समजण्यासारखा आहे. कारण उपचारकेंद्रांच्या पाट्यांवर 'व्यसनमुक्ती' हा शब्द असतो आणि 'मुक्ती' हा शब्द मराठी मनात एका निर्णायक क्षणाशी, बंधन तुटण्याच्या घटनेशी, जोडलेला आहे. रोज जिभेखाली गोळी ठेवणे या कल्पनेत बसत नाही. एका रात्रीत बंधन तोडण्याचे आश्वासन देणारे औषध मात्र तीत तंतोतंत बसते. इबोगाभोवती जमलेल्या आकर्षणाचे रहस्य बऱ्याच अंशी येथे आहे.

४

इबोगा हे मध्य आफ्रिकेच्या पश्चिम भागातील, मुख्यतः गॅबन देशातील, पर्जन्यारण्यांत वाढणारे झुडूप होय. त्याच्या मुळाची साल तेथील ब्विती संप्रदायात दीक्षाविधीच्या वेळी मोठ्या प्रमाणात दिली जाते. दीक्षार्थी कित्येक तास जागृत स्वप्नासारख्या अवस्थेत असतो आणि त्या अवधीत समाजातील जाणती मंडळी त्याच्याजवळ असतात. गॅबनने २००० मध्ये इबोगाला राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला. सालीतील प्रमुख अल्कलॉइड इबोगेन १९०१ मध्ये फ्रान्समध्ये वेगळे करण्यात आले, आणि १९३९ पासून सुमारे तीन दशके तेथे ते 'लांबारेन' या नावाने थकवा घालविणाऱ्या गोळ्यांच्या रूपाने, फार लहान मात्रेत, विकले जात होते.

अफूच्या अवलंबित्वाशी त्याचा संबंध जुळला तो १९६२ मध्ये. न्यूयॉर्कमधील हॉवर्ड लॉट्सॉफ हा हेरॉइन घेणारा १९ वर्षांचा तरुण होता. त्याने निव्वळ कुतूहलाने इबोगेन घेतले. परिणाम ओसरल्यावर आपल्याला हेरॉइनची तलफ नाही आणि विरहाची लक्षणेही नाहीत, असे त्याच्या लक्षात आले. पुढे त्याने आयुष्यभर या द्रव्याचा पाठपुरावा केला आणि १९८५ मध्ये त्याच्या या उपयोगाचे अमेरिकन पेटंट मिळविले. दरम्यान अमेरिकेने इबोगेनला सर्वाधिक निर्बंधांच्या वर्गात टाकले होते. १९९० नंतर तेथे शासकीय साहाय्याने संशोधन झाले, तथापि १९९५ मध्ये मानवी चाचणीसाठी पैसा न देण्याचा निर्णय घेण्यात आला.

इबोगेन शरीरात कसे कार्य करते हे अंशतःच कळले आहे. यकृतात त्याचे नॉरइबोगेनमध्ये रूपांतर होते आणि ते दीर्घकाळ टिकते. तलफ दबलेली राहण्याचे एक कारण हे असावे. मेंदूतील अनेक प्रकारच्या ग्राहींवर त्याची एकाच वेळी क्रिया होते. परंतु तेच द्रव्य हृदयाच्या पेशींतील पोटॅशियमचे मार्गही अडविते. त्यामुळे प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाची विद्युत्-स्थिती पूर्ववत् होण्यास जास्त वेळ लागतो, ताल बिघडतो आणि अवचित मृत्यू ओढवू शकतो. १९९० ते २००८ या काळात इबोगेन घेतल्यानंतर झालेल्या १९ मृत्यूंची चिकित्सा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. मृतांपैकी पुष्कळांना आधीपासून हृदयाचे विकार होते किंवा त्यांनी सोबत अन्य द्रव्ये घेतली होती. उंदरांत मोठ्या मात्रेने अनुमस्तिष्कातील पेशी नष्ट होतात, असेही १९९३ मध्ये दिसून आले.

उपयोगाच्या बाजूचा पुरावा आजवर लहान आहे. २०१८ मध्ये दोन निरीक्षणात्मक अभ्यास प्रसिद्ध झाले. मेक्सिकोतील ३० जणांपैकी निम्म्यांनी महिन्याअखेर, गेल्या ३० दिवसांत अफूजन्य काही घेतले नसल्याचे सांगितले. न्यूझीलंडमधील १४ जणांत तलफ व विरहलक्षणे स्पष्टपणे घटली. परंतु उपचारकाळातच एक जण दगावला. दोहोंतही तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. २०२४ च्या आरंभी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मेंदूस इजा झालेल्या ३० माजी सैनिकांवरील अनुभव प्रसिद्ध केला. त्यांना हृदयाच्या रक्षणार्थ मॅग्नेशियमही देण्यात आले होते आणि त्यांच्या मानसिक स्थितीत लक्षणीय सुधारणा दिसली. मात्र हा अभ्यास अफूच्या अवलंबित्वाचा नव्हता. २०२५ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्याने इबोगेनच्या औषधी चाचण्यांसाठी ५ कोटी डॉलर्सची तरतूद केली. इतके सारे जमेस धरूनही इबोगेनचे वर्णन 'सिद्ध झालेला उपचार' असे करता येत नाही. 'तपासण्याजोगा व धोकादायक पदार्थ' हेच त्याचे यथार्थ वर्णन होय.

५

आता तगरीकडे वळू. इबोगा आणि तगर ही दोन्ही झाडे कण्हेर, सदाफुली आणि सर्पगंधा यांच्याच कुळातील. त्या कुळातही दोघांचा उपगट एकच. तगरीच्या शास्त्रीय वर्गनामाची, 'टॅबर्नेमोंटाना' याची, कथा मनोरंजक आहे. सोळाव्या शतकातील एका जर्मन वनस्पतिवैद्याचे गाव बेर्गत्साबेर्न. त्या गावाचे लॅटिन रूप 'डोंगरातील पथिकाश्रम' अशा अर्थाचे होते, आणि त्यावरून तो टॅबर्नेमोंटानुस म्हणून ओळखला जाई. त्याच्या सन्मानार्थ या वर्गाला हे नाव मिळाले. इबोगाचे वर्गनाम 'टॅबर्नांथे' याच्या पूर्वार्धात तोच घटक आहे. उत्तरार्धात ग्रीक 'अँथॉस' (फूल). म्हणजे दोन झाडांचे नाते त्यांच्या नावांतही उतरले आहे. तगरीला पूर्वी 'कोरोनारिया' असे जातिनाम होते. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'माळेस योग्य' असा होतो, आणि पांढऱ्या फुलांचा जो उपयोग आपल्याकडे होतो तोच त्यात नोंदला गेला आहे.

या जुन्या जातिनामावरून झाडातील एका अल्कलॉइडाला 'कोरोनॅरिडीन' हे नाव पडले. त्याचा रेणू इबोगेनच्याच साच्याचा आहे. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेतील स्टॅन्ली ग्लिक आणि मार्टिन क्यूने यांनी असा विचार केला की, इबोगेनच्या साच्यातच लहानसा फेरफार करून उपयुक्त गुण राखावा आणि घातक गुण गाळावा. त्यांनी बनविलेल्या द्रव्याचे नाव '१८-मेथॉक्सीकोरोनॅरिडीन'. कोरोनॅरिडीनच्या अठराव्या कार्बनवर मेथॉक्सी गट बसविला, एवढाच या लांबलचक नावाचा अर्थ. उंदरांत त्याने मॉर्फीन व कोकेन यांचे स्वयंसेवन घटविले, आणि इबोगेनने येणारा कंप व अनुमस्तिष्काची हानी त्यात दिसली नाही. या द्रव्याने मानवी चाचण्यांचा पहिला टप्पा पाहिला आहे. परंतु उपचार म्हणून त्याला मान्यता मिळालेली नाही. याच मार्गाने जाऊन कॅलिफोर्नियातील डेव्हिड ओल्सन यांच्या गटाने 'टॅबर्नांथालॉग' नावाचे आणखी सोपे द्रव्य बनविले. उंदरांत ते भ्रम उत्पन्न करीत नसावे अशी लक्षणे दिसली आणि हेरॉइनकडे परत वळण्याची प्रवृत्ती कमी झाली, असे त्यांनी २०२० च्या अखेरीस प्रसिद्ध केले.

वर्ध्याच्या अंगणातील फुलाचे नाव अशा रीतीने प्रयोगशाळेतील रेणूच्या नावात पोचले आहे. परंतु यावरून 'तगर अफू सोडविते' असे म्हणणे ही उघड चूक ठरेल. झाडात कोरोनॅरिडीन एकटे नसते, त्याच्यासोबत इतर अनेक अल्कलॉइडे असतात. कोणत्या भागात कोणते किती, हे जागा, ऋतू व वाण यांप्रमाणे बदलते. तेव्हा काढ्याच्या पेल्यात किती द्रव्य उतरले हे सांगता येत नाही. आणि ज्याची तपासणी झाली ते द्रव्य झाडात नसून कारखान्यात रचलेले आहे. हृदयाचा ताल बिघडविणाऱ्या द्रव्यांच्या घराण्यात अंदाजाने मात्रा ठरविणे म्हणजे जिवाशी खेळणे होय.

याहून मोठा धोका नावात आहे. आयुर्वेदीय ग्रंथांतील 'तगर' म्हणजे अंगणातील हे झाड नव्हे. ते हिमालयात वाढणाऱ्या, व्हॅलेरियनच्या वर्गातील एका वनस्पतीचे सुगंधी मूळ आहे, आणि झोप आणणारे, मन शांत करणारे द्रव्य म्हणून ते प्रसिद्ध आहे. निद्रानाशाने बेजार झालेल्या रुग्णाच्या नातलगाने ग्रंथात 'तगर' वाचावे आणि अंगणातील झाडाचे मूळ उकळावे, असे घडणे अशक्य नाही. कुड्याच्या बाबतीतही हाच घोटाळा आहे. आमांशावर चालणारा पांढरा कुडा, रंगासाठी प्रसिद्ध असलेला काळा कुडा आणि सह्याद्रीतील नागलकुडा ही तीन निराळ्या वर्गांतील झाडे आहेत. त्यांतील नागलकुडा तगरीचा सख्खा भाऊ. त्यातही कोरोनॅरिडीन सापडते. 'कुडा' या एकाच नावाखाली तिन्ही वावरतात.

६

नावाची फसगत उलट दिशेनेही होते. मलाया आणि सयाम या प्रदेशांत क्रॅटम नावाच्या झाडाची पाने अफू न मिळाल्यास तिच्याऐवजी चघळली जात, अशी नोंद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आहे. त्यातील मिट्रागायनीन हे द्रव्य मॉर्फीनच्याच ग्राहीवर अर्धवट क्रिया करते. थायलंडने १९४३ मध्ये त्यावर बंदी घातली आणि २०२१ मध्ये ती उठविली. क्रॅटमचेही अवलंबित्व जडते, हे आज निश्चित आहे. या झाडाचा वर्ग 'मिट्रागायना'. आणि त्याच वर्गातील एक झाड विदर्भातील पानझडी अरण्यांत उगवते. त्याला आपण कळंब म्हणतो. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात तर कळंब नावाचे गावच आहे.

वर्गनाम ऐकून मराठी वाचकाला संस्कृत 'मित्र' आठवावा हे साहजिक आहे. पण त्याचा येथे काही संबंध नाही. ग्रीक 'मित्रा' म्हणजे शिरोवेष्टन. फुलातील कुक्षीचा आकार पाद्र्यांच्या उंच टोपीसारखा दिसतो म्हणून हे नाव पडले. नावाप्रमाणे गुणाचाही येथे भ्रम होण्याचा संभव आहे. क्रॅटममध्ये जे मिट्रागायनीन असते त्याच्यासाठी कळंब प्रसिद्ध नाही. कळंबात प्रामुख्याने वेगळ्या, ऑक्सिंडोल गटातील अल्कलॉइडे मिळतात. वर्ग एक असला म्हणून गुण एक असतो असे नव्हे, हा धडा तगर व इबोगा यांच्याही बाबतीत लक्षात ठेवावयास हवा.

मग झाडापासून औषधापर्यंतची वाट कशी चालावी लागते? महाराष्ट्राला यासाठी दूर जावयास नको. सर्पगंधा वेडावर व निद्रानाशावर देण्याची प्रथा देशात जुनी होती. १९३१ मध्ये सेन व बोस यांनी तिच्या या उपयोगाची व रक्तदाब उतरविण्याच्या गुणाची नोंद केली. त्यानंतर मुंबईतील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधा देऊन, ठराविक काळाने दाब मोजून, निष्कर्ष १९४९ मध्ये ब्रिटिश हृदयरोग-नियतकालिकात प्रसिद्ध केले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पीन वेगळे करण्यात आले आणि मानसिक रोगांच्या औषधोपचाराला नवे वळण लागले. याच अनुभवातून रेसर्पीनमुळे काही रुग्णांत विषण्णता येते हेही कळले आणि पुढे त्याचा वापर मागे पडला. रूढ उपयोग, झाडाची निश्चित ओळख, मोजलेली मात्रा, नोंदलेला परिणाम, वेगळे केलेले द्रव्य आणि शेवटी त्याचे दोष, अशा पायऱ्या या इतिहासात स्पष्ट दिसतात. इबोगेन यांतील बऱ्याच पायऱ्या चढले आहे. तुलनात्मक चाचणीची पायरी अजून बाकी आहे. तगरीने अफूच्या संदर्भात तर पहिलीही पायरी चढलेली नाही; तिच्या रेणूने केवळ रसायनशास्त्रज्ञाला नमुना पुरविला.

७

या विवेचनातून भाषेच्या अभ्यासकासाठी दोन गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली गोष्ट परिभाषेची. 'मुक्ती' या शब्दाने उपचाराची एकच प्रतिमा उभी राहते, आणि त्या प्रतिमेत न बसणारा उपचार अपुरा किंवा लबाडीचा ठरतो. इबोगेननंतर महिनाभर अफूपासून दूर राहिलेल्या माणसास 'मुक्त झाला' असे म्हटले जाते. वस्तुतः त्या महिन्यात त्याची सहनक्षमता उतरलेली असते, आणि एकदा जरी पाय घसरला तरी मृत्यूची शक्यता पूर्वीपेक्षा अधिक असते. ब्युप्रेनॉर्फीन घेऊन कामावर जाणाऱ्या माणसाला मात्र हा शब्द नाकारला जातो. येथे 'अंमल' हा आपला जुना शब्द अधिक उपयोगी पडेल. अंमल उठतो तसा तो हळूहळू सैलही होतो आणि एकाच्या जागी दुसऱ्याचा सौम्य अंमलही येऊ शकतो. 'अंमल उतरविणे' असे उपचाराचे वर्णन केले तर रोज घ्यावयाच्या गोळीला त्यात जागा मिळते आणि कालावधीलाही मिळते. परिभाषा बनविणाऱ्यांनी 'अवलंबित्व', 'सहनक्षमता' व 'विरहलक्षणे' या संज्ञा रूढ करताना असा बोलीशी जुळणारा क्रियावाचक प्रयोगही सोबत द्यावा, हे इष्ट होईल. सेवाग्राम व सावंगी (मेघे) येथील वैद्यकीय महाविद्यालयांमुळे रुग्ण, नातलग आणि डॉक्टर यांची भाषा एकत्र ऐकण्याची सोय वर्धा जिल्ह्यात आहे. अशा अभ्यासासाठी हे क्षेत्र फार अनुकूल आहे.

दुसरी गोष्ट कोशकार्याची. वर्धा, यवतमाळ आणि चंद्रपूर या भागांत वऱ्हाडी, गोंडी आणि कोलामी भाषकांकडून वनस्पतींची नावे व त्यांचे औषधी उपयोग गोळा करण्याचे काम विद्यार्थी करतात. टिपणवहीत 'तगर : झोपेसाठी' एवढीच नोंद झाली तर ती निरुपयोगीच नव्हे तर घातक ठरू शकते, कारण पुढे कोशात किंवा औषधी वनस्पतींच्या पुस्तकात ती कोणत्या झाडापुढे जाऊन बसेल याचा नेम नाही. प्रत्येक नावासोबत पानफुलासह वाळविलेला नमुना ठेवावा आणि तो वनस्पतिशास्त्रज्ञाकडून ओळखवून घ्यावा. नोंदीत गाव, तारीख व बोली असावी. झाडाचा कोणता भाग, कशा रीतीने व किती दिला जातो हेही लिहावे. माहिती देणाऱ्याने उपयोग स्वतः पाहिला की केवळ ऐकला, याचाही त्यात उल्लेख असावा. नाव हे पुराव्याचे आरंभस्थान आहे; ते कोणत्या वस्तूला लागते हे निश्चित झाल्यावाचून त्याच्यापुढे 'औषध' हा शब्द लिहू नये.